लेकीच्या मागं पळताना

आमच्या नात्यागोत्यात लग्न असलं की जेवणं उरकल्यावर कुणीतरी मला गाठतंच. "ती मॅरेथॉनची सांगा." मग मी सांगते. कुठं थांबायचं, कुठं डोळे मोठे करायचे, हे आता पाठ झालंय. माणसं पोट धरून हसतात. एक चुलत सासूबाई तर हसता हसता खुर्चीवरून कलंडल्या होत्या. पण लग्नात सांगते ती गोष्ट अर्धीच. उरलेली अर्धी मांडवात सांगण्यासारखी नाही. ती इथं लिहिते.

आम्ही हिंगोलीजवळच्या पुसेगावला राहतो. नवरा सरकारी कचेरीत लिपिक, मी घर सांभाळते, आणि एकुलती एक लेक गावातल्या शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी उन्हाळ्यात तिचा साखरपुडा झाला. मुलगा आखाडा बाळापूरचा. बियाणं-खताचं दुकान, बोलायला गोड माणसं. स्थळ आणलं माझ्या भावजयीनं, तिच्या माहेरच्या भावकीतलं. लग्न पुढच्या उन्हाळ्यात धरलं आणि मधल्या महिन्यांत दोघं फोनवर बोलायला लागली. रोज संध्याकाळी पोरगी गच्चीवर जायची. वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं मी जिन्यात थांबायचे. शब्द कळायचे नाहीत, पण तिचं हसणं खाली यायचं. ते ऐकलं की मी स्वयंपाकघरात येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायचे. तिला तो मनापासून आवडला होता. आमच्या वेळी नवरा आधी मिळायचा, आवडायचा असला तर नंतर. म्हणून मला त्या हसण्याचं अप्रूप होतं, आणि धाकधूकही.

पोळा झाला आणि त्यानं तिला फोनवर सांगितलं की आपलं जमायचं नाही. का, तर मन लागत नाही. एवढंच. मानपानाचं काही नाही, पत्रिकेचं नाही, कुणाची कागाळी नाही. भांडायला जावं तर धरायला शेंडा-बुडखा सापडेना. आठवड्यानं त्याचे वडील आले, अंगठी परत घेतली, हात जोडले आणि चहा तसाच ठेवून गेले.

पोरगी रडली असती तर मला जमलं असतं. रडणाऱ्या बायांची मी जुनी जाणकार आहे. जवळ घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, मधेच चहा द्यायचा आणि शेवटी आपणही थोडं रडून घ्यायचं. ही रडलीच नाही. शाळेत जायची, यायची, विचारलं तर व्हय आणि न्हाई, पुढं काही नाही. ताटात भाकरी मोडून ठेवायची आणि हात धुवायची. गच्चीवर जाणं तिनं बंद केलं. मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती न्हाणीत जास्त वेळ राहिली की मी बाहेरून काहीतरी विचारायचे, साबण आहे का, टॉवेल घेतला का. एकदा तर मोरीच्या दाराला तोंड लावून तिला चौदाचा पाढा विचारला. शेजारच्या लेकराला हवाय म्हणून सांगितलं. तिनं आतून पूर्ण म्हणून दाखवला, आणि मला त्या दिवसापुरतं बरं वाटलं.

माझ्या मनात काय होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तोंडातून काढलं की खरं होतं, असं आमच्याकडं मानतात. पेपरात तसल्या बातम्या येतात. त्या पानावर मी मेथी निवडायला घ्यायचे, म्हणजे कुणाला दिसायला नको.

दसऱ्याच्या सुमारास एक दिवस जेवताना ती आपणहून बोलली. "मी मॅरेथॉनमध्ये नाव दिलंय. शिवरात्रीनंतर हाय. बेचाळीस किलोमीटर."

या पोरीनं जन्मात कधी बससाठी धाव घेतली नव्हती. उशीर झाला तर ती पुढची बस बघायची. मी नवऱ्याकडं बघितलं. ते म्हणाले, बेचाळीस म्हणजे साधारण इथून हिंगोलीला जायचं आणि परत यायचं. मी विचारलं, परत कशात यायचं? ते म्हणाले, पळतच. मग आम्ही तिघं बराच वेळ वरणाकडं बघत बसलो. नंतर भांडी आवरताना ते मला हळूच म्हणाले, करू दे, काहीतरी करून राहिली ना.

तिनं मोबाइलवरून कसलंसं वेळापत्रक काढलं होतं. आठवडाभर थोडं थोडं पळायचं आणि रविवारी लांब. उजाडायच्या आत निघायचं, कारण नंतर ऊन आणि ट्रॅक्टर. अंधारात एकटी पोरगी रस्त्यानं जाणार, तर कुणीतरी सोबत पाहिजे, असं मी जाहीर केलं. नवऱ्याचे गुडघे गेलेले. म्हणजे ते कुणीतरी मी. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. चोरांची मला भीती नव्हती. ती नजरेआड झालेली मला चालायची नाही, बस.

आधी मी स्कूटीवर गेले. पण स्कूटी पळणाऱ्या माणसाइतकी हळू चालत नाही. मी पाय टेकवत टेकवत गेले आणि पुलाच्या कठड्याशी गाडीसकट आडवी झाले. मग ठरवलं, आपणही पळायचं. हिंगोलीच्या दुकानात बूट घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, पोराला आणलं असतं तर माप बराबर मिळालं असतं. पोराला नाही, मला पाहिजेत म्हटल्यावर तो आत गेला आणि टाचदुखीवरच्या डॉक्टर चपला घेऊन आला. शेवटी मिळाले एकदाचे. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस, वरून नवऱ्याचा स्वेटर, कानाला मफलर असा जामानिमा करून आरशात बघितलं, तर बँकेचा रखवालदार उभा.

पहिल्या दिवशी मी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळाले आणि तिसऱ्याला मिठी मारून उभी राहिले. छातीत जे काय वाजत होतं ते गावातून पिठाच्या गिरणीचा आवाज यावा तसं मला बाहेरून ऐकू येत होतं. पोरगी पुढं निघून गेली. मी चालत, थोडं पळत, पुन्हा चालत तिच्या पाठीवर डोळा ठेवून जात राहिले. थोड्या वेळानं ती वळून माझ्यापर्यंत आली, मला वळसा घातला आणि पुन्हा पुढं गेली. मग रोजचंच झालं ते. मेंढरांभोवती धनगराचं कुत्रं फिरतं तशी ती माझ्याभोवती फिरायची. मला वाटायचं, वेळापत्रकात असंच लिहिलेलं असणार.

आता आमच्या भागात एक अडचण आहे. पायी चाललेल्या माणसाला, त्यातून ओळखीच्या बाईमाणसाला, गाडीवर न घेता पुढं जाणं म्हणजे तिचा अपमान. त्यामुळं दर थोड्या वेळानं कुणीतरी थांबायचंच. काकू बसा. अहो, मी पळायला आले. व्हय, पण बसा की, कुठवर पळता. एकदा नवऱ्याच्या कचेरीतले एक भाऊसाहेब इतके अडून बसले की मला नाही म्हणवेना. बसले त्यांच्या मागं. आणि त्या मोटारसायकलवर, मफलर उडवत, मी माझ्या पळणाऱ्या लेकीला ओलांडून पुढं गेले. तिनं मान वळवून बघितलं. हसली नाही. पण ओठाचा कोपरा जरासा हलला, तो मी बघितला, आणि त्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

आणखी एक. आमच्याकडं मोठं माणूस उगाच पळत नाही. पळताना दिसलं म्हणजे कुठंतरी आग लागली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, नाहीतर कुणी गेलं. पहिले पंधरा दिवस मला बघून बाया अंगणातून ओरडून विचारायच्या, कोण? कोण? मग हळूहळू गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं की मला शुगर निघाली आहे आणि डॉक्टरनं सांगितलंय. मी नाही म्हणाले की त्यांची खात्री वाढायची.

थंडी पडली. तुरी वाळत आल्या, हळदीची पानं पिवळी पडली. पोरगी आता खायला लागली होती, पण तेही वेळापत्रकात लिहिलंय म्हणून. केळं, शेंगदाणे, उकडलेली अंडी. बोलणं तेवढंच. ती बारीक झाली, गालाची हाडं वर आली, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून काहीच वाचता येईना. ती रस्त्यानं कशाकडं पळतेय आणि कशापासून, हे मला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की रोज ती वळून माझ्यापर्यंत परत येते. ती जोवर परत येते तोवर ठीक, असं मी धरून चालले होते.

तो रविवार संक्रांतीच्या पुढचा. मी उठले तर तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. बूट नव्हते. मला न उठवता ती कधीच गेली नव्हती. आणि तिचा फोन टेबलावर, चार्जरला लावलेला.

फोन मागं ठेवून माणूस कशाला जातं, याचं एकच उत्तर मला सुचलं. मी नवऱ्याला हाकसुद्धा मारली नाही. बूट शोधत बसले नाही, तशीच अनवाणी, मोकळ्या केसांनी, गाऊनवर ओढणी टाकून रस्त्याला लागले. आणि इतके महिने खांबाखांबाला थांबणारी मी, त्या दिवशी न थांबता पळाले. रोजच्या रस्त्यानं, रोजच्या फाट्यापर्यंत. ती कुठंच नव्हती.

फाट्याजवळ दुधाचे कॅन घेऊन एक जण मोटारसायकलवर आला. साखरा गावचा होता, माझ्या भावाच्या गल्लीतला. गाडी थांबवून म्हणाला, "काय झालं, आत्या?"

मी म्हणाले, "पोरगी..." आणि पुढचा शब्द निघेना. मला म्हणायचं होतं, पोरगी कुठं दिसली का. श्वासच नव्हता. त्यानं विचारलं, कुठं? मी हात केला, शेताच्या बाजूला, म्हणजे माहीत नाही अशा अर्थानं. त्या बाजूला एक विहीर आहे, हे मला मागाहून आठवलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, मला घरापर्यंत आणून सोडलं, आणि दुधाचे कॅन तसेच घेऊन साखऱ्याकडं परत फिरला.

घरी येऊन मी उंबऱ्यावर बसले ती उठलेच नाही. नवरा म्हणाला, अगं, आज तिचं लांबचं पळणं असंल, येईल. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साखऱ्याहून माझा भाऊ.

"दाजी, काय झालं?"

"काही न्हाई झालं."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राहिलो. घाबरू नका. सगळं ठीक हाय."

आणि पलीकडं माझा भाऊ हमसून रडायला लागला, ते मला उंबऱ्यावर ऐकू आलं.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं कुणी गेलं तर फोनवर तसं कधीच सांगत नाहीत. माणूस लांब असतो, गाडी चालवत यायचं असतं. म्हणून सांगायचं, तब्येत जरा नरम हाय, घाबरू नका, सावकाश या. माझे वडील गेले तेव्हा मला सांगितलं होतं की त्यांनी नुकताच चहा घेतलाय. त्यामुळं 'काही झालं नाही' हे वाक्य आम्ही आयुष्यभर एकाच अर्थानं ऐकलेलं. माझा नवरा खरं बोलत होता आणि तेच त्यांना भोवलं. वर त्यांनी, आपलीही काळजी वाढलेली म्हणून, एक वाक्य जोडलं: "पण येऊन जाता का? माणसं असली तर बरं होईल."

झालं. भावजयीनं तिच्या माहेरी बाळापूरला कळवलं.

घड्याळ पुढं सरकत होतं. ऊन उंबऱ्यावर आलं. नवरा स्कूटी घेऊन फाट्यापर्यंत जाऊन आला, एकटाच. आणि मग गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि भावजयीनं गळा काढला. मातीला आलेल्या बाया, म्हणजे आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात, त्या कोपऱ्यावरूनच रडत येतात, तसं. माझ्या लेकीचं लहानपणचं लाडाचं नाव घेऊन ती रडत होती. मागं भाऊ, डोक्याला उपरणं. त्याच्या मागं गल्लीतली चार माणसं, खाली माना घालून.

लग्नात ही गोष्ट सांगताना इथं माणसं सगळ्यात जास्त हसतात. पण त्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईला एकच कळलं: यांना समजलंय. मला अजून कुणी सांगितलं नाही, पण यांना कुणीतरी सांगितलंय. मी भावाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि माझा चेहरा बघून त्याची खात्री पटली आणि त्याचा बघून माझी. मी ओरडलेसुद्धा नाही. भावजयीनं मला मिठी मारली तेव्हा माझे हात तसेच मांडीवर पडून राहिले. नवरा दारात उभा राहून, कुणी सांगितलं, अहो कुणी सांगितलं, असं प्रत्येकाला विचारत होता, आणि प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होता.

अंगणात माणसं जमली. शेजारची चाची, जिचं बांगड्यांचं दुकान आहे, ती पहाटेच दुसऱ्या गल्लीत बाळंतिणीकडं गेली होती. तिनं येता येता गर्दी बघितली, काही विचारलं नाही, सरळ स्वतःच्या घरात जाऊन पिठलं टाकलं. माती असलेल्या घरची चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं करायचं असतं. मग एक पांढरी गाडी आली आणि त्यातून बाळापूरचे बापलेक उतरले.

लग्नाला नाही गेलं तरी चालतं, पण मातीला जावंच लागतं. मोडलेल्या सोयरिकीलाही त्यातून सुटका नाही. बाप हात जोडून फाटकाशीच थांबला. मुलगा आत आला. त्याच्या हातात मयतावर घालायच्या पांढऱ्या कापडाची घडी होती, दुकानातून आणतात तशी, कागदासकट. चेहरा राखेसारखा. तो कुणाकडं बघत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता. पण माझ्यात राग यायला काही शिल्लक नव्हतं.

आम्ही सगळे घराकडं तोंड करून होतो आणि तो एकटा, आत यायचं धाडस होईना म्हणून, रस्त्याकडं वळला होता. त्यामुळं तिला सगळ्यात आधी त्यानं पाहिलं.

ती सेनगावच्या बाजूनं येत होती. रोजच्या रस्त्याच्या अगदी उलट. टोपी, घामानं चिकटलेले केस, कानशिलांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. पाय ओढत येत होती. मग तिला आमच्या अंगणातली गर्दी दिसली. तिनं काय समजायचं ते समजलं, आणि "पप्पा" अशी हाक मारून ती जी सुटली, तसं तिला पळताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. माणसं बाजूला सरत गेली. दारात तिचा बाप धडधाकट उभा. ती त्यांना जाऊन आदळली, त्यांचं तोंड चाचपलं, मग माझं, आणि विचारलं, "मग कोण गेलं?"

भावजय तिचे दंड धरून, तू हायस, तू हायस, एवढंच म्हणत राहिली. पोरगी आमच्या सगळ्यांकडं एकेक करून बघत गेली आणि शेवटी त्याच्यापर्यंत पोचली. त्याच्या हातातल्या कापडापर्यंत.

"हे कुणासाठी आणलं?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "मला वाटलं, माझ्यामुळं..." आणि खाली बसला.

तिला अजून धाप लागलेली होती. "तुझ्यामुळं मी पळायला लागले," ती म्हणाली. "एवढंच झालं."

मग ती माझ्याकडं वळली. "तुला पण असंच वाटलं, आई?"

मी मान हलवली.

"रोज माझ्यामागं येत होतीस, ते म्हणून?"

"व्हय."

"मला वाटलं, तुला शुगर निघाली अन् तू सांगून न्हाई राहिली. गाव सगळं म्हणत होतं." ती उंबऱ्यावर माझ्या शेजारी धपकन बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "म्हणून वळून वळून येत होते. तू कुठं पडलीबिडली तर. तुझ्यामुळं माझं लांबचं एकदाबी पुरं झालं न्हाई. आज म्हटलं, तुला झोपू द्यावं अन् दुसऱ्या रस्त्यानं जावं. अन् फोन घेतला की तू दर दहा मिनिटाला लावतीस."

म्हणजे गेले कित्येक महिने ती माझ्यावर लक्ष ठेवून होती, मी तिच्यावर, आणि दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेले आणि तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. आणि पोळ्यापासून साठलेलं ते त्या अंगणात, मातीला आलेल्या सगळ्या माणसांदेखत, बाहेर पडलं. ती रडली. पाठीवरून हात कसा फिरवायचा तेवढं मला आठवत होतं.

त्यानंतरचा गोंधळ हसण्यासारखाच आहे. भाऊ अडून बसला की मातीला म्हणून घर सोडलंय, आंघोळ केल्याशिवाय कुणाच्या घरात पाय ठेवणार नाही. त्या थंडीत नळाखाली कुडकुडत बसला. भावजय म्हणाली, ते कापड परत न्यायचं नसतं. मी म्हणाले, ते माझ्या घरातही राहायचं नाही. शेवटी नवरा ते घेऊन कुठंतरी गेला आणि रिकाम्या हातानं आला. कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही. बाळापूरचे बापलेक निघायला लागले तेव्हा चाची पिठल्याचं पातेलं घेऊन फाटकात आडवी उभी राहिली. "मय्यत नईं तो क्या हुआ," ती म्हणाली, "लोगां तो भुके आए ना." बसले मग सगळे. तोही बसला, खाली मान घालून एक भाकरी खाल्ली, आणि जाताना माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. त्यापुढं त्याची काही खबर नाही. आणि पोरीनं त्याचं नाव काढलं नाही असं नाही. काढलं, पुष्कळदा काढलं, कारण आता ती माझ्याशी बोलायला लागली होती.

मॅरेथॉन झाली. ती शेवटच्या काही जणांत आली, मांडवाच्या कनाती सोडायला सुरुवात झाली होती. लग्नात मी तिथंच संपवते. माणसं टाळ्या वाजवतात. पण माझी खरी परीक्षा त्याआधीच होऊन गेली होती, आणि त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं.

त्या गोंधळानंतरचा लगेचचा रविवार. आदल्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, आई, मधल्या वारी तू ये, पण उद्या मी एकटी जाते. लांबचं हाय. मी बरं म्हणाले. म्हणणं सोपं होतं. पहाटे कडी वाजली ती मी अंथरुणात ऐकली. भीती गेली होती का? अजिबात नाही. आपण हसलो, रडलो, सगळं मोकळं झालं म्हणून भीती उठून जात नसते. एका सकाळच्या रडण्यावर भरवसा ठेवायचा कसा, हा विचार पांघरुणात माझ्यासोबत होताच. मी उठले, चूल म्हणजे गॅस पेटवला, तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतल्या. पहिली करपली. दुसरीही.

बराच वेळ घरात नवऱ्याचा आवाज नव्हता. मग लक्षात आलं, ते गच्चीवर आहेत. गुडघ्यांचं निमित्त करून जे महिनोन्‌महिने जिना चढत नव्हते ते.

मी जिन्याच्या तळाशी जाऊन विचारलं, "काय करून राहिले वर?"

"टाकी बघून राहिलो."

"अन् बघून झाली का?"

"भरून राहिली अजून."

नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. मी पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिले आणि परत आत गेले. पुन्हा आले. ऊन चढलं. गल्लीतून मोटारसायकली गेल्या, शाळेची सुट्टी म्हणून लेकरं गोट्या खेळायला आली. ती कुठं असेल, कोणत्या वळणावर, याचा हिशेब मी करणार नव्हते, आणि तोच करत होते. नवऱ्याला म्हणावं स्कूटी काढा, असं तीनदा ओठावर आलं. तीनदा गिळलं.

मग वरून आवाज आला. "अगं."

"काय?"

"दिसून राहिली."

"पळून राहिली का चालून राहिली?"

"चालून," ते म्हणाले. "लंगडून राहिली जराशी."

माझा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तो मी आत घेतला, आणि तिच्या आंघोळीचं पाणी तापायला ठेवलं.